जाग येणं आणि जागणं

सकाळी साडेसहाच्या सुमारास ठाणे स्टेशनबाहेर वागळे इस्टेटच्या बससाठी जी रांग लागते, त्या रांगेतली माणसं उठलेली असतात. जागी झालेली असतातच असं नाही. आंघोळ झालेली, भांग पाडलेला, खांद्याला डब्याची पिशवी, पण बस तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबली की निम्म्या माना छातीवर. रोड नंबर सोळाला किंवा बावीसला उतरून टपरीवरचा कटिंग पोटात गेला की मग ही मंडळी जागी होतात. कठोपनिषदातल्या त्या प्रसिद्ध आवाहनात ‘उठा’ आधी येतं आणि ‘जागे व्हा’ नंतर. पंडितांनी त्या क्रमाचे काय काय अर्थ लावले असतील ते असोत, वागळेतल्या पहिल्या पाळीच्या कामगाराला तो भाष्याशिवाय कळतो.

इथेच, किसननगर किंवा श्रीनगरच्या एखाद्या गाळ्यात, संध्याकाळी सातच्या बॅचला स्पोकन इंग्लिशचे सर फळ्यावर लिहितात: वेक, वोक, वोकन. बाजूला मराठी अर्थ: उठणे. समोरची पंधरा-वीस पोरं वहीत उतरवून घेतात. कुणी आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगला असतो, कुणी कुरिअरमध्ये, कुणाला कॉल सेंटरची मुलाखत द्यायची असते. मग वाक्य बनवायला सांगितलं की हमखास एक वाक्य येतं: ‘यस्टरडे आय वोक टिल टू ओ’क्लॉक.’ काल मी दोनपर्यंत जागलो, असं त्याला म्हणायचं असतं. सर हसतात, पोरं हसतात. दोनपर्यंत वोक कसा होशील रे, वोक एका क्षणात होतो, म्हण ‘आय स्टेड अप’ किंवा ‘आय वॉज अवेक’. तो पोरगा निमूटपणे खोडतो.

खोडतो ते बरोबरच. परीक्षेत आणि मुलाखतीत त्याचं वाक्य चूक धरलं जाणार. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे दोन वेगळे धातू होते. एक ‘वाकन’, म्हणजे जागं होणं. दुसरा ‘वाकिअन’, म्हणजे जागं राहणं, जागणं, राखण करणं. पुढे उच्चार झिजले, रूपं एकमेकांत मिसळली आणि दोघांचा मिळून एकच ‘वेक’ उरला. त्यात ‘जागं होणं’ हा अर्थ शिरजोर ठरला आणि ‘जागणं’ कडेला गेलं. त्याच्या खुणा मात्र आहेत. माणसाच्या जागेपणीच्या तासांना इंग्रजीत ‘वेकिंग अवर्स’ म्हणतात. आयर्लंडमध्ये घरात माणूस गेला की प्रेताशेजारी बसून आप्तस्वकीय रात्र काढतात, त्याला ‘वेक’ म्हणतात. तिथे कुणी झोपेतून उठत नाही, सगळे जागतात. तेव्हा किसननगरच्या त्या पोराने नकळत इंग्रजीचा जुना, हरवलेला अर्थ उकरून काढला होता. त्याला तो मराठीने दिला.

कारण मराठीने ही भांडी वेगवेगळी ठेवली. जाग येणं वेगळं, जागं होणं वेगळं, उठणं वेगळं आणि जागणं तर अगदीच वेगळं. ‘पाचला जाग आली, पण सातला उठलो’ यात कुणाला गोंधळ वाटत नाही. घरात एकजण दुसऱ्याला सांगतो, ‘त्याला जागा कर, पण उठवू नकोस, गोळी देऊन परत झोपू दे.’ इंग्रजीतही ‘वेक अप’ आणि ‘गेट अप’ हा फरक आहे, तो त्या फळ्यावर मात्र पुसला जातो. मुलं ‘उठणे म्हणजे वेक’ एवढं घेऊन घरी जातात आणि पुढे आयुष्यभर बिछान्यात लोळत असतानाच इंग्रजीत उठलेली असतात.

‘वेक’च्या रूपांचा पसाराही काही कमी नाही. वेक, वेकन, अवेक, अवेकन असे चार चुलतभाऊ. त्यांचे भूतकाळ वोक, वेकन्ड, अवोक, अवेकन्ड. वर वोकन, अवोकन. इंग्रजांनाही यांत चाचपडायला होतं. जहाजाच्या मागे पाण्यात उमटणाऱ्या रेघेला ‘वेक’ म्हणतात, पण तो भलत्याच घरचा शब्द आहे, उत्तरेकडच्या खलाशांकडून आलेला. या ‘वेक’ची खरी सख्खी बहीण आहे ‘वॉच’. राखणीचा वॉच, वॉचमनचा वॉच, जहाजावर खलाशी पाळीपाळीने चार-चार तास पहारा करतात तो वॉच आणि मनगटावर बांधतो तेही वॉच. सगळ्यांच्या मुळाशी तोच जागण्याचा धातू.

आणि इथे मराठीचा एक शब्द असा चपखल येऊन बसतो की त्याला इंग्रजीशी कुणी ठरवून जुळवलं असावं असं वाटतं. तो शब्द म्हणजे जागल. ज्वारी हुरड्यात आली की डुकरं, चोर, ढोरं यांच्यापासून पीक राखायला रात्री शेतात मचाणावर बसायचं, ती जागल. ‘आज जागलीला कोण?’ हा प्रश्न गावाकडून आलेल्या प्रत्येक घराने कधीतरी ऐकलेला असतो. आणि गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या. या शब्दाला रोमँटिक रंग फासायचं कारण नाही. गावगाड्यात रात्रीची राखण आणि तशीच पडेल ती कामं कोणत्या जातींवर लादलेली होती, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच राबवणुकीविरुद्ध. गाव झोपावा म्हणून कुणीतरी जागायचं आणि त्या जागण्याची किंमत भाकरतुकड्यात व्हायची.

आता मराठी वृत्तपत्रांनी ‘व्हिसलब्लोअर’साठी हाच ‘जागल्या’ उचलला आहे. संस्थेच्या आत राहून गैरव्यवहार उघड करणारा तो जागल्या. भाषांतराच्या कारखान्यातून ‘शिट्टीफुंक्या’सारखं काहीतरी बाहेर पडू शकलं असतं. त्याऐवजी जुना शब्द नव्या कामाला लागला, आणि ज्याला एकेकाळी हिणवलं त्याचं नाव आज मानाने घेतलं जातं. अलीकडच्या मराठीतल्या मोजक्या देखण्या नेमणुकांपैकी ही एक.

जागण्याला मराठीत आणखी एक अर्थ आहे, आणि तो कुठल्याही क्लासच्या फळ्यावर मावणारा नाही. माणूस शब्दाला जागतो. खाल्ल्या मिठाला जागतो. दिल्या वचनाला, मैत्रीला, एखाद्याने केलेल्या उपकाराला जागतो. इथे झोपेचा संबंध नाही, पण आहेही. ज्याची जबाबदारी घेतली त्याच्याबद्दल डोळा लागू द्यायचा नाही, ही जागलच. इंग्रजीत शब्द ‘पाळतात’, ‘राखतात’. कुणी शब्दाला ‘वेक’ होत नाही. मराठीत इमान हे जागरणाचं काम आहे.

पंढरपुरात तर देवालाही यातून सूट नाही. आषाढ शुद्ध एकादशी ही शयनी एकादशी. त्या दिवशी विष्णू झोपी जातो आणि कार्तिकात प्रबोधिनीला जागा होतो, असं शास्त्र सांगतं. पण नेमक्या त्या आषाढीच्या दिवसांत पंढरीच्या विठोबाचा पलंग काढून ठेवतात. मंदिर चोवीस तास उघडं, रांगा न संपणाऱ्या, आणि देव झोप सोडून विटेवर उभा. वारी ओसरल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात, काढा देतात आणि पलंग पुन्हा आत येतो. जगाचे देव झोपायला जातात तेव्हा हा रात्रपाळी करतो. कोजागरीला लक्ष्मी विचारते, ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागतंय. कोण उठलंय असं ती विचारत नाही. ठाण्यातल्या सोसायट्यांच्या गच्चीवर बारापर्यंत मसाला दूध आटवणाऱ्यांनी निदान एवढा फरक तरी लक्षात ठेवावा.

वागळे इस्टेट ही मुळात जागणाऱ्यांचीच वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं १९६२ साली, आणि वागळे त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. इंजिनीअरिंग, औषधं, छपाई, सुटे भाग बनवणारी वर्कशॉप्स. आणि त्यांच्या मागोमाग डोंगराच्या पायथ्याशी पसरत गेलेली लोकमान्यनगर, सावरकरनगर, इंदिरानगर, किसननगर ही वस्ती. तीन पाळ्यांचं गणित घराघरांत शिरलं. एकाच खोलीत एक भाऊ पहिल्या पाळीचा, एक तिसऱ्या पाळीचा आणि अंथरूण एकच, ही गोष्ट सांगणारे अजून भेटतात. पुढे कारखाने हलले, शेड्स पाडून काचेच्या इमारती आल्या, आयटी पार्क आले. मुंबईला न जाता पासपोर्ट काढायला अर्धा जिल्हा इथेच येतो. पण रात्रपाळी गेली नाही. ती कपडे बदलून आली. पूर्वी लेथवर उभा असलेला माणूस रात्री जागायचा, आता हेडफोन लावलेली मुलगी जागते, कारण तिच्या ग्राहकाच्या गावी तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. तिचा ग्राहक ‘वेक अप’ होतो म्हणून ती जागते. भाषेच्या अंगाने बघितलं तर सगळा आउटसोर्सिंगचा धंदा या एका वाक्यात बसतो.

उठवणं हासुद्धा एकेकाळी धंदा होता, हे आज खरं वाटत नाही. इंग्लंडच्या गिरणीगावांत पहाटे दारोदार फिरून कामगारांना उठवणारी माणसं असत. लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायची आणि आतला माणूस खिडकीशी आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आठवड्याला काही पेन्स मिळायचे. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मेरी स्मिथ नावाची बाई तर फुंकणीतून सुके वाटाणे खिडकीवर मारायची. १९३१ सालचा तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे: गाल फुगवलेले, नजर वर, हातात लांब नळी. आपल्याकडे हे काम वासुदेवाने केलं, काकड आरतीने केलं, गिरणीच्या भोंग्याने केलं. नंतर गजराचं घड्याळ आलं. गजर हा शब्दही ऐकण्यासारखा आहे. नामाचा होतो तोही गजर, आणि पहाटे पाचला डोक्याशी किंचाळतो तोही गजर. पुढे गजराला स्नूझही जोडलं गेलं. अमेरिकेत १९५६ साली घड्याळात हे बटण आलं. आज कित्येक फोन नऊ मिनिटांनी परत ओरडतात. मराठी घरात नऊ मिनिटं कधी नव्हती, तिथे पहिल्यापासून ‘पाचच मिनिटं गं आई’ असतात, आणि ती पंचवीसची होतात.

हे सगळं झालं शब्दांचं कौतुक. तक्रार पुढे आहे, आणि ती वर्तमानपत्रांकडेच आहे.

मराठी बातमीत ‘जाग’ हा शब्द सर्वांत जास्त कुणाला येतो? प्रशासनाला. ‘अखेर पालिकेला जाग’, ‘दुर्घटनेनंतर यंत्रणा खडबडून जागी’, ‘प्रशासनाला जाग कधी येणार?’ ही शीर्षकं ठाणे-कल्याणच्या पानांवर इतकी नेमाने येतात की त्यांचे खिळे छापखान्यात जुळवूनच ठेवले असावेत. हल्ली त्यात ‘वेकअप कॉल’ची भर पडली. इमारत पडली, वेकअप कॉल. रिअॅक्टर फुटला, वेकअप कॉल. हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्याने रात्री काउंटरवर सांगून ठेवायचं आणि पहाटे त्याला फोन यायचा, असा तो मूळ शब्द. म्हणजे उठवायचं काम दुसऱ्याचं, आणि तोवर झोपायचा हक्क आपला. आपण तो हक्क सरकारी कचेऱ्यांना बहाल करून टाकला आहे.

जरा व्याकरण बघावं. ‘मला जाग आली’ या वाक्यात ‘मी’ काहीच केलेलं नसतं. मला भूक लागली, मला ताप आला, मला शिंक आली, तशीच मला जाग आली. कर्ता जाग आहे; माणूस नुसता चतुर्थीत आडवा पडलेला. घरातल्या माणसाच्या झोपेला हे अगदी शोभतं, कारण झोपेतून बाहेर येणं आपल्या हाती नसतंच, आणि मराठीने ते प्रामाणिकपणे मान्य केलं. पण हीच रचना प्रशासनाला लावली की त्याला आयती पळवाट मिळते. जाग आली तर आली, नाही आली तर प्रशासन तरी काय करणार? जाग म्हणजे जणू उशिरा धावणारी लोकल.

शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा बांधलेली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. तेव्हा जाग आली. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या. तेव्हा जाग आली. चौकशी समिती नेमली. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच डोंबिवलीत रसायनांनी रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघायला आले, पुन्हा जाग. आणि २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट, पुन्हा माणसं गेली, पुन्हा धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा. पहिल्या स्फोटाला आठ वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. या आठ वर्षांत यंत्रणेला इतक्यांदा जाग आली, की तिला निद्रानाशाचा विकार आहे असंच कुणाला वाटावं.

यंत्रणेने जागं व्हावं ही अपेक्षाच मुळी खुजी आहे. तिने जागायचं असतं. कारखान्याची तपासणी, बॉयलरची तपासणी, अग्निशमनाची तपासणी, पायाभरणी चालू असताना बांधकामाची पाहणी, हे सगळं जागलीचं काम आहे. मचाणावरचा माणूस डुकरं शेतात शिरल्यावर ‘खडबडून जागा’ झाला, तर त्याचं कुणी अभिनंदन करत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी जागलीला पाठवत नाहीत. तेव्हा उपसंपादकांना एक सुचवणी करावीशी वाटते. ‘पालिकेला जाग’ हे शीर्षक वर्षभर बाजूला ठेवावं आणि प्रत्येक दुर्घटनेनंतर विचारावं, जागलीला कोण होतं? हा प्रश्न नावाचं उत्तर मागतो. त्याला ‘प्रशासन’ असं उत्तर देता येत नाही.

गंमत म्हणजे ज्या ‘वोक’वरून जगभर आणि आता मराठी लेखांतही हमरीतुमरी चालते, त्याचा मूळ अर्थही जागलीचाच होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतला हा शब्द. १९३८ सालच्या एका ध्वनिमुद्रणात लेड बेली हा गायक स्कॉट्सबरोच्या खटल्यात खोट्या आरोपाखाली अडकवलेल्या काळ्या मुलांबद्दल बोलताना सांगतो की अलाबामातून जाताना सांभाळून जा, ‘वोक’ राहा. म्हणजे डोळा लागू देऊ नका, जीवाला धोका आहे. त्यात ज्ञानाचा गर्व नव्हता, भीती होती. १९६२ साली, वागळे इस्टेटीची जमीन आखली जात होती त्याच सुमारास, विल्यम मेल्विन केली या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात काळ्यांच्या या बोलीवर लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातच ‘वोक’ होता. ऑक्सफर्डच्या कोशाने या अर्थाची नोंद केली २०१७ मध्ये. तोवर शब्द मालक बदलून गेला होता. आता तो बहुतेक शिवी म्हणून वापरतात आणि मराठीत त्याचे ‘अतिजागृत’, ‘उपटसुंभ जागरूक’ असले अनुवाद होतात. ‘स्टे वोक’चं साधं मराठी म्हणजे ‘जागा राहा’. रात्री लाठी आपटत जाणारा गुरखा वर्षानुवर्षं हेच सांगत आला आहे.

आपल्याकडे या कुळातले मोठे शब्द दुसऱ्या धातूने दिले, ‘बुध्’ने. बुध् म्हणजे जागं होणं, त्यातूनच कळणं. बुद्ध म्हणजे जागा झालेला. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ साली काढलेलं पाक्षिक ‘प्रबोधन’. बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचं १९५६ मध्ये झालेलं ‘प्रबुद्ध भारत’. अप्पा पेंडशांची पुण्यातली ‘ज्ञान प्रबोधिनी’, तीही पुन्हा १९६२ चीच. तिन्ही नावांत कुणीतरी झोपेतून जागं होतंय. त्या काळाची ती गरजच होती आणि शब्दही नेमका होता. मात्र ‘जनजागृती’ हा त्याचा सरकारी नातू आज फ्लेक्सवर, रॅलीत आणि सप्ताहात इतका राबवला जातो, की जनजागृती सप्ताह संपल्यावर आठव्या दिवशी जनता पुन्हा झोपणार हे गृहीतच धरलेलं दिसतं.

क्लासमधल्या त्या पोराचं वाक्य खोडायला हरकत नाही, पण खोडताना सरांनी फळ्यावर दोन रकाने आखायला हवेत. एकात वेक अप, दुसऱ्यात स्टे अवेक. एकात जाग येणे, दुसऱ्यात जागणे. पाच मिनिटं जास्त लागतील. कॉल सेंटरच्या मुलाखतीत कामाला येईल ते येईल. शिवाय रात्रपाळीची नोकरी लागली की आपण रोज करतो ते नेमकं काय, याला आपल्या भाषेत शब्द आहे हे त्याला कळेल.

लोकमान्यनगरच्या चाळीत सकाळी साडेनऊला एक कुरिअरवाला दाराशी येतो. कडी वाजवायला हात वर करतो तोच शेजारच्या दारातली बाई ओठांवर बोट ठेवून बाहेर येते. या घरची बेल रात्रपाळीच्या आठवड्यात काढून ठेवलेली असते. खिडकीला जाड चादर लावलेली, आणि समोरच्या ओट्यावर खेळणारी पोरंही इथे आली की आवाज खाली करतात. कुणी त्यांना शिकवलेलं नाही. ती पाकीट स्वतः घेते, सही करते आणि कुजबुजत सांगते, ‘भाऊ झोपलेत. रात्रभर जागून आलेत.’

कुरिअरवाला मान डोलावतो आणि चपला हातात घेऊन जिना उतरतो.